दिवा लावायची वेळ

"नो सर. दॅट इज नॉट माय पॉइंट," चंद्रावतीबाई पुन्हा म्हणाल्या, आणि पदराने कपाळ पुसून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. मी कधी बरोबर उत्तर देतोय याची त्या वाट बघत होत्या, एवढंच. याआधी दोनदा मी त्यांचं म्हणणं त्यांना सांगून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते मला परत केलं होतं, दुकानदाराने फाटकी नोट परत करावी तसं. खांदा कॉलनीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. नर्सिंगच्या परीक्षेला बसलेल्या मुली, कॉल सेंटरच्या मुलाखतीत नापास झालेले दोघे-तिघे, आणि पांढऱ्या केसांचे आम्ही दोघेच. म्हणून समृद्धी मॅडम आमची जोडी लावतात. मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेत. त्यांचा एक नियम आहे. समोरच्याने आपलं मत सांगायला सुरुवात केली की लगेच आपलं मत पुढे करायचं नाही. आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला सांगायचं, आणि तो "येस, दॅट्स इट" म्हणेपर्यंत आपण पुढे जायचं नाही. पहिल्या दिवशी मला हा खेळ वाटला होता. यावेळचा विषय फळ्यावर लिहिला होता: म्हाताऱ्या माणसांनी मुलांजवळ राहावं का. चंद्रावतीबाई एवढंच बोलल्या होत्या की त्यांचा मुलगा धनेश बिल्डर आहे, त्याने विचुंब्याला टॉवर बांधलाय, तो त्यात अकराव्या मजल्यावर राहतो आणि त्या खाली गावातल्या जुन्या घरात. तेवढ्यावरून मला सगळं कळलं असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, तुमचा तुमच्या घरावर जीव आहे, तिथे तुमच्या आठवणी आहेत. नो. तुम्हाला मुलावर भार व्हायचं नाही. नो. तुम्हाला उंचीची आणि लिफ्टची भीती वाटते. तर आता हा तिसरा नो.

"सर, यू आर गेसिंग," मॅडम मागून म्हणाल्या. "अंदाज नको. विचारा त्यांना."

विचारायचं! हे मला खरोखरच सुचलं नव्हतं. माझा चेहरा गरम झाला. मी जन्मभर पुस्तकं वाचत आलो, आणि पुस्तकातल्या माणसाला काही विचारावं लागत नाही. तो काय विचार करतो ते छापलेलंच असतं. मी अडखळत विचारलं, "देन... व्हॉट इज युअर पॉइंट, मॅडम?" चंद्रावतीबाईंनी इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांनंतर त्यांना ते पुरेना, आणि त्या आपल्या बोलीवर आल्या. समृद्धी मॅडमनी अडवलं नाही. "सर, मना वर जायचंय. धनेशच बोलतो, आये, तू गावच्या घरातच बरी, तुला वर करमायचं नाय. सगले असंच बोलतात. आमी काय झाडं हाव, उपटली की मरायला? बगा, लगीन करून आली तवापासून त्या शेतात मी वाकून भात लावला. वाकलेल्या माणसाला काय दिसतं? चिखल न् आपलेच हात. दिवालीला धनेशनी पूजेला वर नेली. खिडकीतून खाली बगितलं, तं आमचं शेत. अर्धं बिल्डिंगीखाली गेलंय, अर्धं हाय. बांध कसा वळलाय, गाढी नदी कुठून येते, कोपरा कसा निघालाय... येवढी वर्सं मी तिथंच व्हती न् मना म्हायतच नाय ते कसं दिसतं. आता मना ते रोज बगायचंय. न् लिफ्ट तं मना लय आवडते." त्यांनी बोटाने वर जाणारी लिफ्ट दाखवली आणि मुली हसल्या. मी शब्द शोधत म्हटलं, "यू वॉन्ट टु सी फ्रॉम अबव्ह... द लँड व्हेअर यू वर ऑलवेज बेंडिंग." चंद्रावतीबाईंनी बाकावर थाप मारली. "येस! दॅट्स इट!" मग मॅडम म्हणाल्या, आता सरांचं मत. मी उभा राहिलो, आणि माझं मत काय होतं ते मला आठवेना. तसं सांगितलं तर पुन्हा सगळे हसले. मीही हसलो.

त्या संध्याकाळी मी रिक्षा न करता चालत घरी आलो. काहीतरी फार मोठं बघून आल्यासारखं वाटत होतं आणि काय बघितलं ते कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायला गेलो असतो तर एवढंच निघालं असतं की एका बाईला लिफ्ट आवडते. मी नोकरीत ड्राफ्ट्समन होतो, बंदराच्या ड्रॉइंग ऑफिसात. पंपघर असो, गोदाम असो, एकाच वस्तूचं समोरून एक चित्र काढायचं, बाजूने एक, वरून एक, आणि मधोमध कापलं तर आत काय दिसेल त्याचं एक. ती चारही चित्रं खरी आणि एकटं कुठलंच पुरेसं नाही, हे आम्हाला उमेदवारीतच शिकवलं होतं. आणि मी, ज्याने चाळीसएक वर्षं वस्तूंची वरून चित्रं काढली, त्याला समोर बसलेल्या बाईला आपली जमीन वरून बघायची आहे हे सुचलं नाही. रस्त्यावर नेहमीचीच माणसं होती. भाजीच्या गाडीवर घासाघीस करणारी बाई, स्कूटर ढकलत नेणारा घामेजलेला माणूस, गेटपाशी खुर्ची टाकून बसलेला वॉचमन. नव्या विमानतळावर उतरणारं विमान इतकं खालून गेलं की त्याचे दिवे मोजता आले असते, आणि त्यातही खिडक्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक खिडकीत एक माणूस. एवढ्या सगळ्यांना आत एकेक म्हणणं आहे. माझ्या अंदाजापेक्षा वेगळं. मी विचारलं तर ते तीनदा नो म्हणतील. हे मला मुळीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून छातीत धडधड होणं यांत फरक आहे. आमच्या मशिदीत, म्हणजे आम्ही बेने इस्राएल, इथले ज्यू, आमच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतो, पेटी उघडून तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढतात तेव्हा सगळे उभे राहतात. आत काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचता येत नाही. तरीही उभे राहतात. मला त्या रस्त्यावर तसं उभं राहावंसं वाटलं. अर्थात मी राहिलो नाही. वॉचमन "काय झिराडकर साहेब, बरं नाही का?" म्हणाला, आणि मी मान हलवून जिना चढलो.

घरात आल्यावर मात्र या आनंदाला दुसरी बाजू फुटली. मी गॅलरीत गेलो आणि दीनाच्या जागेवर उभा राहिलो. दीना, माझी बायको, रोज संध्याकाळी इथे कठड्याला कोपर टेकून उभी असायची. मी ऑफिसातून येताना कोपऱ्यावरून ती दिसायची. मी वर बघायचो, ती आत जायची, आणि मी दारात पोचेपर्यंत चहाचं आधण ठेवलेलं असायचं. ती माझी वाट बघते, हे मी इतकं धरून चाललो होतो की त्यावर मी कधी विचारही केला नव्हता. आता कोपर टेकून बघितलं तर जाणवलं, की इथे उभं राहिलं की तोंड त्या कोपऱ्याकडे नसतंच. इथून दिसते समोरच्या इमारतींमधली फट, आणि फटीतून दूरवर डोंगराचा एक तुकडा. कोपरा बघायचा तर मान उजवीकडे वळवावी लागते. ती वळवायची का? की ती डोंगर बघायची आणि मी आलो की नाइलाजाने आत जायची? की दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता? मी एक अंदाज केला, मग दुसरा, मग तिसरा. मी मोठ्याने, इंग्रजीत म्हटलंसुद्धा, "यू वर नॉट वेटिंग फॉर मी. यू वर लुकिंग." कोणी येस म्हणालं नाही. नोसुद्धा म्हणालं नाही. जिवंत माणसाच्या नो म्हणण्यात केवढी कृपा असते, हे मला तेव्हा कळलं.

मी वर्गात जायला लागलो ते नातीसाठी. माझी मुलगी मझल लग्नानंतर इस्राएलला गेली, अश्दोद नावाच्या समुद्रकाठच्या शहरात. तिची मुलगी हदास तिथेच वाढली. तिला हिब्रू येतं, इंग्रजी येतं, मराठी येत नाही. मला मराठी येतं, प्रार्थनेपुरतं हिब्रू येतं, आणि इंग्रजी डोळ्यांनी येतं, जिभेने नाही. म्हणून आजोबा आणि नात इतकी वर्षं एकमेकांना फोनवर नुसते हात हलवत आलो. मझल मात्र दर शुक्रवारी फोन करते आणि दर शुक्रवारी आमचं तेच भांडण होतं.

"पप्पा, मम्मीला जाऊन किती वर्षं झाली? एकटे काय करता तिकडे?"

"एकटा कुठे? पुस्तकं आहेत."

"पुस्तकं डॉक्टरला फोन करणार आहेत का?"

"मशिदीत प्रार्थनेला दहा पुरुष जमायला हवेत ना. मी निघालो तर नऊ राहतील."

"म्हणजे त्या नऊ जणांसाठी तुम्ही राहणार, आणि मी काय पोहे खाऊ?"

"बघू."

"बघू नका हो, पप्पा! बघू म्हटलं की मला इथे भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं."

आणि मग मी म्हणायचो, "चल, दिवा लावायची वेळ झाली." शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा दिवा लागावा लागतो, त्यानंतर शनिवार मावळेपर्यंत काम नाही, आग नाही, फोन नाही. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणत. तर घरात दिवाही तेलाचाच, काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल तेल आणि त्यात वात. दीना असेपर्यंत ती लावायची, आता मी लावतो. आमच्याकडे सूर्य त्यांच्या कितीतरी आधी मावळतो. त्यामुळे माझ्या शब्बाथपुढे मझलला काही बोलता येत नसे. ती म्हणायची, "हो, लावा दिवा," आणि फोन बंद व्हायचा. मला हायसं वाटायचं. देवाच्या नियमामागे मी उभा आहे, असंच मला वाटत असे.

यावेळी मात्र हदासचा संदेश आला. त्यांच्या इमारतीत तळमजल्याची खोली रिकामी होतेय. मालकाला येत्या आठवड्यात हो किंवा नाही सांगायचंय, नाहीतर खोली दुसऱ्या कोणाला जाईल, आणि अशी जागा पुन्हा मिळायची नाही. "शुक्रवारी मी फोन करीन," तिने लिहिलं होतं. "ईमा नाही. मी." ईमा म्हणजे आई. मला माझं उत्तर माहीत होतं. ते नाही असं होतं. अडचण एवढीच होती की या पोरीला मला ते तोडून सांगायचं नव्हतं. वर्गात शिकवलं तसं, तिचं म्हणणं आधी तिच्या हातात द्यायचं, तिच्याकडून येस घ्यायचं, मग माझं नाही त्याच्यावर अलगद ठेवायचं. आठवडाभर मी आरशासमोर तयारी केली. यू आर वरीड अबाउट मी. आय अंडरस्टँड. शेवटच्या वर्गात चंद्रावतीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सर, तिला ईचारलाव का, का आधीच पाठ करून ठेवलंय?" मी हातातली वही मिटली. "तुमी गेलाव तं आमची मडक्यातली पोपटी कोन खानार? यंदा वालाच्या शेंगा न् अंडी, तुमच्या धर्मात आमची कापलेली कोंबडी चालत नाय, म्हनून तुमच्यासाठी ती न घालता येगलं मडकं लावनार व्हती मी." आणि मग इंग्रजीत, हसून, "बट आय सी हर पॉइंट." तिचा मुद्दा काय ते अजून मलाही माहीत नव्हतं; पण बाईंनी तिला ऐकायच्या आधीच जागा करून ठेवली होती.

शुक्रवारी दुपार कलल्यावर फोन वाजला तेव्हा बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मी अजून शब्बाथची आंघोळसुद्धा केली नव्हती. पडद्यावर हदासचा चेहरा आला, केस ओले, मागे स्वयंपाकघर. "साबा, आय एम अर्ली," ती म्हणाली. "ईमा म्हणते तुझ्याकडे नेहमी एक दिवा असतो. म्हणून मी दिव्याच्या आधी आले." साबा म्हणजे आजोबा. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहितोय, कारण मनात ते मला मराठीतच ऐकू येत होतं. तिच्या यूचं मी तू करून घेतलं, आणि नातीने तू म्हटल्याचं मला बरं वाटलं. पण ते दिव्याचं वाक्य मात्र कानशिलावर बसलं. तर मी दिव्याआड लपतो हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. तुम्हाला माझी काळजी वाटते. मी म्हातारा आहे, एकटा आहे, पडलो तर कोणी नाही.

"नो, साबा," हदास म्हणाली.

मी दुसरं काढलं. लोक तुझ्या आईला नावं ठेवतात, बापाला एकटं टाकलं म्हणून. "नो." ती हसली नाही. तिसरा अंदाज जिभेवर आला होता, आणि मला समृद्धी मॅडमचा आवाज ऐकू आला. मी थांबलो. छातीत पुन्हा ती धडधड सुरू झाली, पेटी उघडतानाची. मी म्हटलं, "हदास, आय डोन्ट नो युअर पॉइंट. प्लीज टेल मी."

ती जरा वेळ ओले केस पिळत राहिली. मग म्हणाली, "मला तुझी काळजी वाटत नाही, साबा. सॉरी. तू मला ठीकच वाटतोस. मला ईमाबद्दल बोलायचंय. ईमा घरात फार बोलत नाही. कामावर हिब्रू बोलते, हळू, चुका होऊ नयेत म्हणून जपून. माझ्याशीही तसंच. मी जन्मल्यापासून ही एकच बाई बघितली, शांत, जपून बोलणारी. पण शुक्रवारी ती तुला फोन लावते आणि दार लोटून घेते, आणि दाराच्या फटीतून मला दुसरीच बाई दिसते. तिचा आवाज खाली उतरतो. ती हात उडवते. ती भांडते, साबा! ती काहीतरी म्हणते आणि स्वतःच हसते, आणि ते काय ते मला समजत नाही. ती बाई मला आवडते. ती फक्त तुझ्याशी असते. मग तू दिव्याचं काहीतरी म्हणतोस, आणि ती बाई जाते. दार उघडतं आणि माझी नेहमीची आई बाहेर येते. तू कधीतरी नसशील, तेव्हा ती बाई कुठेच नसेल. मला ती खोलीत हवीय. माझ्यासमोर. थोडे दिवस तरी."

तिने माझ्या मुलीचं एक चित्र माझ्यासमोर धरलं होतं, अशा बाजूने काढलेलं की ती बाजू आहे हेच मला माहीत नव्हतं. मझल गेली त्याच्या आदल्या दिवशी दीनाने मलिदा केला होता, एलियाहू हनबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. गुळाचे पोहे, खोबरं, वेलची, वरून फळं. मझलने उभ्याउभ्या खाल्ला. तोंडात घास असताना ती आईची नक्कल करत होती, "मझल, स्वेटर घेतलास? मझल, देवाला विसरू नकोस," आणि दीना चिडून हसत होती. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता आपण एकटे पडणार. त्या दिवसापासून मी त्या एकटेपणाचा मालक होतो. तो माझ्याकडेच आहे, मागे राहिलेल्याकडेच तो असतो, याबद्दल मला शंका नव्हती. जी गेली तिला देश मिळाला, घर मिळालं, मूल मिळालं. ती नक्कल करणारी पोर तिने कुठे ठेवली असेल, हे मी कधी विचारलं नाही. ती शुक्रवारी दार लोटून तिला बाहेर काढत होती, आणि मी तिला तेल-वातीचं कारण सांगत होतो.

"साबा? आर यू देअर?"

मी सावकाश सांगितलं. तुझी आई तिथे एकटी आहे. मी नाही, ती. तिच्या भाषेत तिच्याशी भांडायला कोणी नाही. आणि तुला ती भांडणारी आई भेटायची आहे. हदासने डोळे मिटून घेतले. "येस," ती म्हणाली. "दॅट्स इट." मग डोळे उघडून म्हणाली, "आता मी तुझं सांगू? का येत नाहीस ते?" म्हणजे हा नियम तिलाही कळला होता, मी न शिकवता. मी म्हटलं, सांग. साफ्ताची कबर तिथे आहे म्हणून? साफ्ता म्हणजे आजी. मी विचार केला. नो. मशिदीतल्या माणसांसाठी? नो. हेही मी स्वतःला इतकी वर्षं सांगत होतो, आणि तोंडातून नो इतक्या सहज निघालं की मीच चकित झालो. इकडच्या युद्धाच्या सायरनची भीती? नो. ती पडद्याजवळ आली, इतकी की फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं. "तुला वाटतं, तू आलास, आमच्याबरोबर बसलास, आणि आमच्या लक्षात आलं की तुझ्याजवळ बोलायला काही नाही, तर? फोनवर दहा मिनिटं पुरतात. घरात दिवस मोठा असतो."

बाहेर एक विमान गेलं. कोणीतरी मला वरून बघितलं होतं. बांध कसा वळलाय, कोपरा कसा निघालाय, सगळं. मला लाज वाटायला हवी होती. लाजत लाजतच तर मी इथवर आलो. पण वाटलं ते वेगळंच. या मुलीला माझी भाषा येत नाही, आणि ती समुद्रापलीकडून इथे येऊन पोचली. "येस," मी म्हटलं. "दॅट्स इट." हदास मोठ्याने हसली. "साबा, या घरात कोणीच बोलत नाही! तू इथे अगदी शोभशील."

तेवढ्यात तिकडे दार वाजलं, पिशव्या ठेवल्याचा आवाज आला, आणि मझल पडद्यात शिरली, घामेजलेली, हातात कोथिंबिरीची जुडी. "हे काय, पप्पा? अजून आंघोळ नाही? आणि हिने काय लावलंय तुमच्या डोक्याशी? हिला म्हटलं होतं, सरळ हो की नाही विचार—"

"मझल," मी म्हटलं. "थांब. मला तुझं म्हणणं सांगू दे."

"माझं म्हणणं? ते काय तुम्हाला नवीन आहे?"

मराठीत मी हे वाक्य आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो. इंग्रजीत ते वर्गातलं होतं, खेळातलं होतं. मराठीत ते म्हणताना कपडे काढल्यासारखं वाटत होतं. "तू मला बोलावतेस ते मी इथे एकटा आहे म्हणून नाही," मी म्हटलं. "तू तिथे एकटी आहेस म्हणून. मम्मीनंतर तुझ्याशी भांडायला मीच उरलोय. बरोबर आहे का? चूक असेल तर नाही म्हण."

तिने नाही म्हटलं नाही. तिने कोथिंबीर ओट्यावर ठेवली, एकेक काडी सरळ केली, आणि तिचा चेहरा पडद्याबाहेर गेला. हदास मागे उभी होती, एक शब्द न समजता सगळं समजत. मग मझलचा आवाज आला, तो खाली उतरलेला आवाज. "हो, पप्पा. हेच." आणि जरा वेळाने, नाक ओढून, "आणि एवढं कळायला तुम्हाला क्लास लावावा लागला!"

"फी दिल्याशिवाय काही कळत नाही," मी म्हटलं. ती हसली. "खालची खोली घे. मी येतो. किती दिवस ते तिथे बसून भांडू."

"कीव म्हणून येऊ नका."

"नाही. हदास म्हणते तिथे एक बाई आहे, दाराच्या फटीतून दिसते. मला ती समोरून बघायचीय."

मग ती बोलायला लागली. स्वेटर घ्या, म्हणजे नका घेऊ, इथे मिळतात. पोहे आणा, इथले पोहे म्हणजे पुठ्ठा. पुस्तकं दोनच, पप्पा, मी पेटी उघडून बघीन. त्या क्लासात तुमच्याबरोबर आणखी कोण असतं? ती हात उडवत होती. मी बघत राहिलो. ऊन समोरच्या इमारतीवरून सरकत वरच्या मजल्यांवर गेलं, मग फटीतल्या त्या डोंगराच्या तुकड्यावर तेवढं राहिलं. माझ्यामागचा उजेड उतरलेला मझलनेच पडद्यात आधी पाहिला. ती बोलता बोलता थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं जपून बोलणं परत यायला लागलं. "पप्पा, तुमची दिवा लावायची वेळ झाली ना? लावा. मी ठेवते."

मी फोन कपाटावर टेकवून ठेवला, तिला दिवा दिसेल असा. पेल्यात पाणी घातलं, तेल घातलं, वात सोडली, दीना म्हणायची ती प्रार्थना म्हटली. ज्योत आधी चुरचुरली आणि मग स्थिर झाली. आता फोनला हात लावता येत नव्हता. जाणकार मंडळी म्हणतील, बोलणंही योग्य नाही. ते बरोबर असतील, माझा अधिकार नाही. पण चालू असलेला फोन बंद करणं हेही एक कामच आहे, आणि ते मला आता उद्या संध्याकाळपर्यंत करता येत नव्हतं. त्यांच्याकडे अजून ऊन होतं. मझलला तो बंद करता आला असता. "मझल," मी दिव्यासमोर खुर्ची ओढून बसत म्हटलं, "माझ्याच्याने आता हा बंद होणार नाही. तुला हवा तेव्हा तू कर." कपाटावरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं, ते पोह्यांचं काय सांगत होते मी?" आणि बोलत राहिली.